त्यांचं मिटलं, आमचं राहिलं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दादरच्या भाजी गल्लीत कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते. तिचं नाव बघून मी फोन घेतला तोच वैतागून. "अगं, येतेय ना संध्याकाळी, दम धर जरा," असं मीच आधी बोलून मोकळी झाले. पलीकडून तिचा बारीक आवाज आला, "वन्सं, हे चहाला उठेनात... मी कधीची हाका मारतेय." मला कळायचं ते कळलं. पिशवी तिथेच गाडीवर राहिली. टॅक्सीत बसल्यावर मी धाकट्याला, दिलीपला फोन लावला. तो कुठल्याशा मैदानात होता, मागे ठोकाठोकी चालली होती आणि कोणीतरी माइकवर "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" करत होतं. "ताई, मेळाव्याच्या गडबडीत आहे, नंतर करतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "दिल्या, दादा गेला रे." मागे माइकवाला वन टू थ्री करतच राहिला आणि मला त्या अनोळखी माणसाचा इतका राग आला की विचारू नका.

मधुकर हा माझा मोठा भाऊ. सगळ्या परळला तो मधूदादा म्हणून ठाऊक होता, पण हक्काने दादा म्हणणारी आम्ही दोघंच, मी आणि दिलीप. आमचे बाबा गिरणीत होते. गिरण्या बंद पडल्या तेव्हा बाबा घरी बसले ते उठलेच नाहीत, आणि घर दादाच्या अंगावर आलं. माझगावच्या गोदीत तो फिटर म्हणून लागला. संध्याकाळी घामट कपड्यांनी यायचा, मोरीत अंग विसळायचा, आणि चहा पोटात गेला की खाली पक्षाच्या ऑफिसात. हो, पक्षाच्या. कुठल्या ते मी लिहिणार नाही. नेत्यांचीही नावं लिहिणार नाही, त्यांना प्रसिद्धी पुष्कळ आहे, माझ्या भावावरच्या लेखात त्यांनी आणखी जागा अडवायची गरज नाही. ओळखीपुरतं एकाला मोठे साहेब म्हणूया आणि त्यांना सोडून गेले त्यांना दुसरे साहेब.

मला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही, पण आमच्या चाळीत पक्ष म्हणजे काय होता ते मला चांगलं माहीत आहे. कोणाच्या पोराला कॉलेजात प्रवेश मिळेना, कोणाच्या नळाला पाणी येईना, कोणाची सासू हॉस्पिटलात कॉटशिवाय पडली, की लोक तळमजल्यावरच्या त्या लहानशा खोलीत जायचे आणि तिथे दादा बसलेला असायचा. त्याला पद नव्हतं, आणि निवडणुकीत तिकीट मागण्याची अक्कल त्याला कधी सुचलीच नाही. ऑफिसची चावी त्याच्याकडे असायची, तेवढाच त्याचा थाट. दिलीपला त्याने बोट धरून तिथे नेलं. सभेला जाताना दादा त्याला खांद्यावर घ्यायचा आणि दिल्या वरून घरच्या मालवणीत ओरडायचा, "दादा, माका साहेब दिसले!" पुढे मोठा झाल्यावर दिलीपला भाषणं जमायला लागली. दादाला चार माणसांत बोलताना घाम फुटायचा, पण दिल्या स्टेजवर उभा राहिला की दादा मागच्या रांगेत उभा राहून स्वतःशीच ओठ हलवायचा. भाषण दोघांनी मिळून केल्यासारखं त्याला वाटत असणार.

आणि मग एका दुपारी टीव्हीवर बातमी आली की पक्ष फुटला. ज्यांनी एकमेकांना भाऊ म्हणून मिठ्या मारल्या होत्या ते साहेब एकमेकांना गद्दार म्हणायला लागले. आपल्याला वाटतं हे वर, कुठेतरी मोठ्या बंगल्यांमध्ये चाललंय. नाही हो. ते जिना चढून आमच्या घरात आलं. दिलीप दुसऱ्या साहेबांबरोबर गेला. का गेला ते त्याने मला सांगितलं होतं, "ताई, किती वर्षं खुर्च्या लावायच्या? तिकडे निदान विचारतात तरी." ते काही खोटं नव्हतं. दादा मोठ्या साहेबांकडे राहिला. त्याचं कारण विचारलं तर तो म्हणायचा, "मी खय जातलंय गो? माका हयच बसायची सवय." तेही खरंच होतं, इथलं सोडून कुठे जाणं त्याला ठाऊकच नव्हतं. तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. एका घरात दोन देव असतात, दोन साहेब का नसावेत? पण त्या ऑफिसवर दोघांनी हक्क सांगितला, दोन साहेबांनी, आणि चावी होती दादाकडे.

दिलीप पंधरावीस पोरं घेऊन आला. दादा दारात उभा राहिला, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यावर. माझ्या वहिनीने गॅलरीतून सगळं बघितलं, सगळ्या चाळीनेच बघितलं. दिलीप म्हणाला, "चावी द्या." दादा म्हणाला, "घरी ये, चहा घे, मग बोलू." मागच्या पोरांपैकी कोणीतरी हसलं. आता त्या हसण्यावर दिलीप थांबला असता तर तो लहान पडला असता, नाही का? कार्यकर्त्यांसमोर लहान पडायचं नसतं. त्याने एकाच्या हातातून हातोडा घेतला आणि दादाच्या कमरेजवळच्या कुलपावर घातला. कुलूप तुटलं, एका घावात. दादाला खरचटलंसुद्धा नाही. तो बाजूला झाला, जिना चढून वर आला आणि वहिनीला म्हणाला, "भात झालो काय?" जेवला नाही मात्र. ताटावर बसून राहिला आणि मग ताट सरकवलं.

त्या दिवसापासून माझी भाऊबीज दोन वेळांची झाली. आधी दोघंही माझ्याकडे दादरला यायचे, शेजारी शेजारी पाटावर बसायचे, ओवाळताना एकमेकांना कोपराने ढोसायचे, आणि मी तबक सांभाळत "मेल्यांनो, टाळू भाजेल!" म्हणून ओरडायचे. आता दादा सकाळी आणि दिलीप संध्याकाळी. मधल्या वेळात मी दुसरा पाट उचलून ठेवायचे, म्हणजे येणाऱ्याला तो दिसू नये. सकाळी दादा विचारायचा, "तो केवा येतलो?" संध्याकाळी दिलीप विचारायचा, "तो येऊन गेला?" मी दोघांनाही म्हणायचे, "तुमचं तुम्ही बघा, मी काय निरोप्या आहे?" आणि दोघंही मान खाली घालून करंजी खायचे. राग दोघांच्या मनात नव्हता असं नाही. होता. पण राग संपला तरी माणसं रागाच्या जागेवर उभीच राहतात, कारण आता हलायचं कोणी हा प्रश्न असतो.

एकदा दोघंही हलायच्या बेतात आले होते. दिलीपच्या मुलीचं लग्न दादरच्या एका हॉलमध्ये होतं. पत्रिका द्यायला दिलीप स्वतः गेला नाही, बायकोला पाठवलं. तरी दादा गेला. नवीन सदरा, टोपी, खिशात अक्षतांची पुडी. मी त्याला पुढच्या खुर्चीवर बसवला. नवरी आली, नवरा आला, भटजींनी अंतरपाट धरला आणि... थांबा. का, तर दुसरे साहेब ट्रॅफिकमध्ये अडकलेत. भटजी घड्याळाकडे बघतात, मुहूर्त चालला आहे, पोरीच्या हातातला हार लोंबायला लागला आहे, आणि माझा भाऊ, मुलीचा बाप, दारात उभा राहून गाडीची वाट बघतोय! मुहूर्त टळला तरी चालेल, साहेब चुकता कामा नयेत. दादा उठला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. तो सरळ स्टेजवर गेला, पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, तिच्या गालावरून हात फिरवला आणि मागच्या दाराने निघून गेला. न जेवता. नंतर दिलीप मला म्हणाला, "बघितलंस? साहेब येणार कळल्यावर मुद्दाम उठून गेला." मी त्याला म्हटलं, "तुझ्या पोरीचा मुहूर्त साधणारा तो एकटाच होता रे गाढवा." त्यावर तो महिनाभर माझ्याशीही बोलला नाही.

पुढे दादाच्या फुप्फुसांनी साथ सोडली. गोदीतल्या धुळीने असेल, बिड्यांनी असेल, डॉक्टर दोन्ही म्हणाले. खिडकीजवळच्या कॉटवर तो नाकात नळी घालून बसायचा, उशाशी ते प्राणवायूचं यंत्र घुरघुरायचं. बोललं की धाप लागायची. तरी टीव्हीवरच्या बातम्या सोडायच्या नाहीत. मी म्हणायचे, "कशाला बघतोस ती भांडणं? जिवाला त्रास." तर म्हणायचा, "आमचा दिल्यो दिसता मधी मधी." दुसऱ्या साहेबांच्या मागे गर्दीत दिलीपचं डोकं दिसायचं. ते बघायला हा माणूस अख्खी पत्रकार परिषद ऐकायचा. तोंडाने शिव्या देत ऐकायचा, पण ऐकायचा.

आणि अशाच एका संध्याकाळी, मी तिथेच होते, टीव्हीवर ते दोन्ही साहेब एकत्र आले. मिठी मारली, हार घातले, एकमेकांना पेढा भरवला. मतभेद होते, मनभेद नव्हते, असं काहीतरी म्हणाले. इतक्या वर्षांच्या शिव्यांचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. दादा आधी बघतच राहिला, मग हसायला लागला आणि हसता हसता त्याला असा ठसका लागला की वहिनी पाणी घेऊन धावली. नळी नीट करून झाल्यावर तो मला म्हणाला, "बाय, मिटला गो त्यांचा. आता दिल्यो येतलो बघ." डोळ्यांत पाणी होतं, ते खोकल्याचं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी त्याने वहिनीला बांगडे आणायला लावले, तिरफळं घालून तिखलं करायला लावलं. दिलीपचा तो जीव की प्राण. दादाला स्वतःला डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं. तिखलं झालं, झाकून ठेवलं, रात्री वहिनीने गरम करून शेजारी दिलं. दिलीप आला नाही. तसं दोनतीनदा झालं.

मी दिलीपला फोन केला. म्हटलं, "तुझ्या साहेबांचं मिटलं, आता तुझं काय अडलंय?" तो म्हणाला, "ताई, मी येणारच आहे गं. असा तसा नाय येणार. एकत्र मेळावा आहे ना, तिथे जुन्या कार्यकर्त्यांचा सत्कार ठेवलाय. दादाचं नाव मी पहिलं घातलंय. व्हीलचेअरवरून स्टेजवर नेतो. दोन्ही साहेबांच्या हस्ते शाल, श्रीफळ. आणि मग सगळ्यांसमोर पाया पडतो त्याच्या. सगळ्यांसमोर तोडलं होतं ना कुलूप? मग सगळ्यांसमोरच." मी म्हटलं, "अरे, त्याला शाल नकोय, तू हवायस. आत्ता ये, हाफ पँटवर ये." तो म्हणाला, "मेळावा होऊ दे, ताई. थोडेच दिवस." काय करायचं या माणसाचं? घरचं भांडण मिटवायलाही याला स्टेज लागतं. आयुष्यभर ज्या रिवाजात वाढला त्या रिवाजानेच त्याला माफी मागायची होती, माइक, हार, टाळ्या, सगळं साग्रसंगीत. दादाला मी हे सांगितलं नाही, कारण दिलीपने शपथ घातली होती. दादा तिखल्याचं विचारत राहिला. आणि मेळाव्याच्या दोन दिवस आधी, सकाळी, चहाला उठला नाही.

अंत्ययात्रेला दोन्ही बाजूंची माणसं आली. आता दोन बाजू नव्हत्याच म्हणा. संध्याकाळपर्यंत नाक्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा बॅनर लागला. वर दोन्ही साहेबांचे हात जोडलेले मोठे फोटो, त्यांच्याखाली मधल्या फळीतले चेहरे, आणि अगदी तळाला, कोपऱ्यात, आमचा दादा, आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावलेला. गेलेला माणूस कोण ते शोधावं लागत होतं. दिलीपने तो बघितला आणि एकटाच शिडी घेऊन वर चढला आणि फाडला. आपल्याच साहेबांचे फोटो असलेला बॅनर. खाली पोरं "भाऊ, भाऊ, काय करताय," म्हणत राहिली. मेळावा ठरल्याप्रमाणे झाला. दिलीप गेला नाही.

दहाव्याला आम्ही बाणगंगेवर गेलो. दादाच्या मुलाने, निखिलने, विधी केला. पिंड ठेवायची वेळ झाली तेव्हा दिलीप माझ्या शेजारी उभा होता, काखेत सत्कारासाठी आणलेली ती शाल, प्लॅस्टिकच्या पिशवीतली. मला म्हणाला, "ताई, कावळा शिवणार नाय बघ. माझ्यासाठी अडणार तो. मग मी पुढे जातो आणि बोलतो." काय बोलायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं. ओठ हलत होते त्याचे... मागच्या रांगेत उभ्या दादाचे हलायचे तसेच. वहिनी, मी, सगळे मनातून तीच वाट बघत होतो. आमच्यात माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा फिरकत नाही. मग घरचे एकेक पुढे होतात, हात जोडतात, शब्द देतात, तुझ्या बायकोला बघू, तुझ्या पोराला बघू. दादाची इच्छा काय राहिली होती ते तिथे प्रत्येकाला माहीत होतं. निखिलने पान ठेवलं, मागे सरला. आणि त्याची पाठ वळते न वळते तोच कावळा आला, पिंडाला शिवला आणि उडाला.

"सुटला!" कोणीतरी म्हणालं. "पुण्यवान माणूस. काही मागे ठेवलं नाही." सगळ्यांनी हात जोडले, पंचे झटकले, पाण्याकडे वळले. दिलीप तसाच उभा. मग मला म्हणाला, "ताई... मला बोलू तरी द्यायचं होतं." आणि तो घाटाच्या पायरीवर बसून असा रडला, असा रडला, की लहानपणी पडल्यावरही मी त्याला तसं रडताना बघितलं नव्हतं. "माझी वाट नाय बघितली त्याने. जरासुद्धा नाय." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काय सांगणार होते? दादाने तुला कधीच माफ केलं म्हणून कावळा अडला नाही, असं म्हणता आलं असतं. वाट बघून बघून त्याने इच्छाच सोडून दिली, असंही म्हणता आलं असतं. खरं कुठलं ते मला आजही ठाऊक नाही, आणि खोटं बोलून त्याला शांत करायचं माझ्या जिवावर आलं.

परवा मी परळला गेले होते. वहिनी गॅलरीत स्टुलावर बसून लसूण सोलत होती आणि खोलीचं दार ओढून घेतलेलं. मी दाराला हात लावायला गेले तर तिने माझा पदर धरला. "नको वन्सं, भावोजी आलेत आत. रोज येतात संध्याकाळचे. सुरुवातीला नुसते बसायचे कॉटसमोर, माझ्यासमोर बोलायला जड जायचं त्यांना. मग मीच उठून बाहेर येते. बोलू दे." मीही तिच्या शेजारी टेकले, लसणाची एक पाकळी हातात घेतली. सकाळीच बातमी होती की जागावाटपावरून दोन्ही साहेबांचं पुन्हा बिनसलंय. खाली नाक्यावर पोरांची जमवाजमव सुरू झाली होती. दिलीपचा फोन आत वाजला, वाजून बंद झाला, परत वाजला. मग तो त्याने बंदच केला असावा. दाराच्या फटीतून त्याचा आवाज आला, भाषणाचा नव्हे, घरातला, मालवणीतला, जो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"दादा, परत फाटला रे त्यांचा... बोलावतत माका. ह्या टायमाक मी खय जावचंय नाय. हयच बसतलंय."